साच्यातली एक ओळ

११ जानेवारी, सोमवार

डीनसाहेबांनी आज बोलावून सांगितलं की फुटपट्टीने आता भागणार नाही. गणिताची मुलं प्रबंध लेटेक नावाच्या संगणकाच्या प्रोग्राममध्ये करतात, आणि त्या लेटेकसाठी विद्यापीठाचा अधिकृत साचा हवा. समास, ओळींमधलं अंतर, पानांचे आकडे, चिन्हं, सगळं साच्यातच बसवून ठेवायचं. मुलांनी आपला मजकूर त्यात ओतला की झालं. "आणि साचा तुम्हीच करा, मिसेस दुमलाओ. नियम तुमच्याइतके कुणाला पाठ आहेत?" लोणी लावायचं म्हटलं की या माणसाचा हात कोणी धरणार नाही.

एकतीस वर्षं या पदव्युत्तर कचेरीत मी प्रबंध तपासते आहे. आत काय लिहिलंय त्याच्याशी मला देणंघेणं नाही. ते प्राध्यापकांनी बघावं, बघत असतील तर. मी बघते समास. डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक. माझी सही झाल्याशिवाय परीक्षकांकडे प्रत जात नाही, आणि पास झाल्यावर माझी दुसरी सही झाल्याशिवाय वाचनालय प्रबंध दारात उभा करत नाही. पोरं मला पाठीमागे 'फुटपट्टी' म्हणतात. म्हणू देत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नाही.

समोरच्या टेबलावरच्या फेला बातमी सांगितली. फे म्हणजे माझी मदतनीस, अर्धा दिवस फोनमध्ये आणि अर्धा दिवस आरशात.

"मॅम पेर्पे, लेटेक म्हणजे प्रोग्रामिंगच की. तुमच्या वयाला..."

"माझ्या वयाला काय?"

"काही नाही, मॅम. दुपारच्या खाण्याला काय आणू?"

१९ जानेवारी, मंगळवार

काय ही अवदसा! साध्या टाइपात जे दिसतं ते कागदावर येतं. इथे नाही. इथे आधी आज्ञा लिहायच्या, प्रत्येक आज्ञेआधी एक उलटी तिरकी रेघ मारायची, मग यंत्राची मनधरणी करायची. ते शंभर चुका दाखवणार, त्यातली खरी एकच, आणि ती कुठली ते सांगणार नाही. माझ्या दिवंगत नवऱ्याचा स्वभाव अगदी असाच होता.

संच म्हणजे महिरपी कंसात बसवलेल्या वस्तू, एवढं मला शाळेपासून माहीत आहे. म्हणून कंस टाकून १, २, ३ लिहिले. कागद काढला तर १, २, ३ नुसतेच उघडे. कंस गायब! तीनदा केलं, तीनही वेळा मेल्याने कंस गिळले.

दारात एक मुलगी कच्ची प्रत घेऊन कधीची उभी होती. म्हणाली, "मॅम, कंसाच्या आधीसुद्धा ती उलटी रेघ द्यायची. नुसता कंस तो स्वतःच्या कामाला ठेवून घेतो."

"तुला विचारलं?"

"नाही, मॅम. सॉरी, मॅम."

ती गेल्यावर रेघ देऊन बघितली. कंस उमटले.

नाव लिओनिसा काबाकांग. समार बेटावरची. तिकडच्या सरकारी कॉलेजात शिकवते, दोन वर्षांच्या रजेवर पदव्युत्तर पदवीसाठी आली आणि दोनाची तीन झाली. जूनमध्ये पदवी घेऊन परतली नाही तर तिची जागा दुसऱ्याला देणार आहेत. हे तिने मला का ऐकवावं? पण सगळेच ऐकवतात. कुणाची आई आजारी, कुणाचं लग्न ठरलंय. कुणाची आई आजारी आहे म्हणून समास पाव इंचाने सरकत नाही.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आजचा दिवस सोन्याचा.

गणिताच्या सात कच्च्या प्रती आल्यात आणि सातांची सात तोंडं. एक संच दुसऱ्याच्या आत आहे एवढंच दाखवायचं, तर कुणी ⊂ काढतो, कुणी खाली रेघ ओढून ⊆ करतो, कुणी त्या रेघेलाही काट मारून ⊊ करून ठेवतो. रिकाम्या संचाचं तर विचारूच नका. कुणी शून्यावर तिरपी काट मारतो, कुणी नुसते रिकामे कंस ठेवतो. रिकामा तो रिकामा, त्यात कसली आलीय हौस?

डॉ. एस्कालोनांना व्हरांड्यात गाठलं. गणिताच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष. हातात काडीला टोचलेलं साखरेतलं केळं, आणि तोंडात त्याचा अर्धा भाग. तिन्ही चिन्हं कागदावर काढून नेली होती. विचारलं, "डॉक्टर, यातलं बरोबर कुठलं?"

त्यांनी केळ्यावरून नजर काढली असेल नसेल. "कुठलंही चालतं हो, मिसेस दुमलाओ. फक्त सगळीकडे सारखं असलं म्हणजे झालं."

सारखं असलं म्हणजे झालं! एकतीस वर्षं मी दुसरं काय घसा फोडून सांगते आहे?

टेबलावर येऊन साच्यात एक ओळ घातली. एकच. आता कुणी ⊂ लिहो नाहीतर ⊊ लिहो, कागदावर ⊆ हेच उमटणार. रेघ असलेलं मी मुद्दाम निवडलं, ते भारदस्त दिसतं. सात दीडशहाण्यांना माझी एक ओळ पुरली.

फे मान वर करून म्हणाली, "मॅम, पण ती वेगवेगळी चिन्हं वेगवेगळ्या अर्थाची नसतील ना?"

"तू फोन बघ," मी म्हटलं.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

साचा लागू होऊन आठवडा झाला. दर शुक्रवारी मी व्हरांड्यातल्या फळ्यावर परत पाठवलेल्या प्रबंधांची यादी लावते, नाव आणि दोष. आज यादीत चौदा जण. गर्दी करून वाचतात, आणि स्वतःचं नाव दिसलं की तोंडं अशी करतात जशी मीच त्यांचा समास खाल्लाय.

ती समारची मुलगी चार वाजता धापा टाकत आली. तिचा समास बरोबर, आकडे बरोबर, पण सगळं स्वतःच्याच मांडणीत केलेलं. "मॅम, परीक्षकांना सोमवारी सकाळी प्रती द्यायच्या आहेत."

"मग साच्यात घाल."

घातलं बिचारीने, इथेच फेच्या यंत्रावर बसून. मी तिला साचा उघडून दाखवला, कुठे काय बसवलंय ते. ती म्हणाली, "छान आहे, मॅम. खूप मेहनत दिसते." अक्कल आहे मुलीला. पाच प्रती छापल्या. मग म्हणते, "मॅम, एकदा सगळं वाचून बघू?"

"तीन वर्षं काय करत होतीस? साडेचार झालेत. पाचला कचेरी बंद."

प्रती बांधून घेतल्या, मी सही केली. जाताना टेबलावर नारळाच्या करवंटीत भरलेली अळकुड्यांची गोड मिठाई, बिनागोल, ठेवून गेली, गावाहून आलेली. लाच म्हणावी तर फार चिकट होती. फेने आणि मी संपवली.

१८ मार्च, शुक्रवार

कार्मेलो पास. विशेष प्रावीण्य. हा डॉ. एस्कालोनांचा लाडका विद्यार्थी. केसांना तेल, तोंडाला तेल. एस्कालोना व्हरांड्यात त्याच्या पाठीवर थापा मारत होते जणू त्यांनीच जन्म दिलाय. माझ्या साच्यातून आतापर्यंत सहा जण पास झाले, एकाही परीक्षकाने मांडणीबद्दल चकार शब्द काढला नाही. कौतुकाचाही नाही. सहाही बांधीव प्रबंध माझ्या कपाटात आहेत. वाचनालयासाठीच्या सह्या मी सत्राअखेरीस एकदम करते.

२८ मार्च, सोमवार

ईस्टरआधीचा पवित्र आठवडा बहिणीकडे लागुनाला काढला. मासे खाऊन कंटाळा आला. बहीण विचारत होती, "इतकी वर्षं त्या कचेरीत तू करतेस तरी काय?"

"चुका काढते."

"लोकांच्या?"

"मग काय माझ्या?"

१२ एप्रिल, मंगळवार

समारची मुलगी नापास झाली.

फे तिची तोंडी परीक्षा ऐकायला गेली होती. मैत्रीण झालीय म्हणे तिची. डोळे पुसत आली. मी म्हटलं नीट सांग, रडून झालं की.

तिचं प्रमेय असं की एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, असे संच वाढत जातात आणि वाढणं कधी थांबत नाही. ती फळ्यावर लिहीत होती. बाहेरून आलेले परीक्षक, एक वाळके म्हातारे गृहस्थ, एक्केचाळिसावं पान उघडून म्हणाले, "तुमच्या कागदाप्रमाणे हे संच न वाढता तसेच्या तसे राहू शकतात. मग थांबत नाहीत हे कशावरून?" तिने पान बघितलं. पुढचं बघितलं. मागचं बघितलं. गृहस्थ म्हणाले, "फळ्यावर एक आणि कागदावर दुसरं. यातलं तुमचं कुठलं?" ही शेवटी म्हणाली, "सॉरी, सर." एस्कालोनांनी खांदे उडवले. पुन्हा परीक्षा, पुढच्या सत्रात, नोव्हेंबरमध्ये.

नोव्हेंबरमध्ये तिच्या जागेवर दुसरं कुणीतरी शिकवत असेल. वाईट झालं. पण स्वतःचं प्रमेय स्वतःला धड लिहिता येत नाही तर त्याला कोण काय करणार? नाचता येईना, अंगण वाकडं. फेला हे म्हटलं तर ती दुपारभर माझ्याशी बोलली नाही. शांतता होती, बरीच कामं उरकली.

१८ एप्रिल, सोमवार

लिओनिसा आली होती. टेबलाच्या कडेला उभी राहून फार हळू आवाजात म्हणाली, "मॅम, मी घरी माझी फाईल बघितली. तिच्यात रेघ नाही. छापलेल्यावर मात्र आहे."

"म्हणजे चुकीची फाईल आणलीस."

"तसंच असेल, मॅम." पिशवी उघडली. "तुमचा वेळ घेतला. माझ्या हातून निष्काळजीपणा झाला असेल."

आणि दोन कागद टेबलावर ठेवून गेली. दोन्ही एक्केचाळिसावं पान, एक तिच्या मांडणीतलं, एक साच्यातलं. विसरली असेल. आजकालच्या मुलांना आपले कागद सांभाळता येत नाहीत, आणि म्हणे प्रमेयं सिद्ध करणार. पण माफी मागायला आली हे बरं केलं. उद्या फेबरोबर कागद परत पाठवीन.

१९ एप्रिल, मंगळवार

कागद पाठवले नाहीत.

सकाळी डबा ठेवायला जागा करताना दोन्ही एकावर एक आले. वरच्यावर ⊂, खालच्यावर ⊆. त्याच ओळीत, त्याच जागी. पुढच्या ओळीतही तेच. चुकीची फाईल असती तर इतर काहीतरी वेगळं असतं. एक स्वल्पविरामसुद्धा वेगळा नव्हता.

यंत्रावर साचा उघडला आणि हाताने ⊂ लिहिलं. छापून काढलं. रेघ आली. यायचीच होती, मीच तशी तंबी देऊन ठेवली आहे.

मी पुन्हा छापलं, न जाणो म्हणून. पुन्हा आली.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात. मी त्यासाठी पगार घेते. फेला काही बोलले नाही. तिने खायला परतलेल्या शेवयांचं पान्सित आणलं होतं, मी भूक नाही म्हणून सांगितलं. खोटं नव्हतं.

२० एप्रिल, बुधवार

एस्कालोनांकडे गेले. सगळं सांगितलं, ओळही लिहून दाखवली. मला वाटलं होतं ओरडतील. ते हसले.

"म्हणजे मिसेस दुमलाओ, तुम्ही गणितच बदलून टाकलंत की."

"तुम्हीच म्हणालात कुठलंही चालतं."

"मी? कधी?"

"केळं खात होतात."

मग त्यांना काहीतरी सुचलं. त्यांच्या यंत्रावर कार्मेलोची मूळ फाईल होती, ती उघडली. वाचता वाचता हसू विझलं. मी खुर्चीतून उठून मागे जाऊन बघितलं. कार्मेलोने सगळीकडे ते काट मारलेलं ⊊ लिहिलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही." मग पडद्यावर बोट ठेवून, "याचं दुसरं प्रमेय असं लिहिलं तर खोटं आहे. तुमच्या रेघेने ते खरं झालं."

मला आधी समजलंच नाही. एकाच रेघेने तिला बुडवलं आणि याला तारलं. आणि परीक्षकांना दोन्ही वेळा दिसली ती फक्त छापील रेघ.

एस्कालोनांनी फाईल बंद केली आणि आवाज एकदम मऊ केला. "हे बघा, ओळ गुपचूप काढून टाका. पास झालेल्यांचं झालं. ती मुलगी नोव्हेंबरमध्ये देईल परीक्षा, हुशार आहे. तुम्हाला निवृत्तीला किती राहिलं? चौदा महिने? कशाला शेवटी शेवटी शोभा करून घेता?"

उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. पण चौदा महिने हे त्याने बरोबर सांगितलं.

२२ एप्रिल, शुक्रवार

ओळ काढली. कुणाला काही बोलले नाही. फळ्यावर नेहमीची यादी लावली, नऊ जण. एक पोरगं स्वतःच्या नावासमोरचा 'निष्काळजीपणा' हा शब्द वाचून फेला म्हणालं, "हिच्या हातून आयुष्यात काही चुकलं नसेल ना?" फे म्हणाली, "विचार की तिला." मी कागद चाळत राहिले.

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी गप्प बसायचं ठरवलं आहे. मुलीचं वय तीसही नाही, तिला दुसरी जागा मिळेल. माझं नाव गेलं तर मला दुसरं कुठलं मिळणार? लोक मला भितात, ते माझं चुकत नाही म्हणून. माझं चुकतं असं एकदा कळलं की उरते ती नुसती एक खडूस बाई.

२५ एप्रिल, सोमवार

लिओनिसा विद्यापीठ सोडण्याच्या कागदावर सही घ्यायला आली. नोव्हेंबरची परीक्षा देणार नाही म्हणाली. बोटीचा खर्च, राहण्याचा खर्च, आणि जागा गेल्यावर पदवी घेऊन करायचं काय? तिकडे भावाचं तांदळाचं दुकान आहे, तिथे बसेन.

सही करायची तर करून टाकायची. पण माझ्या तोंडून निघालं, "ते चिन्ह म्हणजे नेमकं काय गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग पान्सितवर पिळायला आणलेली कालामान्सीची चार छोटी लिंबं घेतली. माझ्या ताटलीत एक बशी ठेवली, तीन लिंबं बशीत टाकली आणि एक बशीबाहेर, ताटलीच्या कडेला.

"बशीतली सगळी ताटलीत आहेतच ना, मॅम? आणि बशीबाहेर निदान एक तरी आहे. हे माझं चिन्ह." मग कडेचं लिंबू उचलून बशीत टाकलं. "आता बाहेर काही उरलं नाही. तुमची रेघ म्हणते, असंही चालेल. पण माझं सगळं प्रमेय त्या बाहेरच्या एका लिंबावर उभं आहे. दर पायरीला एक नवीन मिळतं, म्हणून ते संपत नाही."

तुमची रेघ, म्हणाली ती.

"तुला कधी कळलं?"

"परीक्षा झाली त्याच दिवशी. घरी जाऊन फाईल उघडली तेव्हा."

"मग त्या सोमवारी आलीस ती?"

"दोन्ही कागद तुम्हाला दिसावेत म्हणून ठेवले होते, मॅम."

"सरळ तोंडाने सांगता येत नव्हतं?" मी चढ्या आवाजात म्हटलं. दुसरा आवाज मला येत नाही.

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?" ती अजिबात चिडली नव्हती. खरोखर विचारत होती. "त्या दिवशी मी म्हटलं होतं, एकदा वाचून बघू का."

फे टायपिंग थांबवून बसली होती. मी लिओनिसाच्या कागदावर सही केली नाही, तो खणात ठेवला आणि म्हटलं, "शुक्रवारपर्यंत बोटीचं तिकीट काढू नकोस."

२९ एप्रिल, शुक्रवार

केलं.

सकाळी कपाट उघडून कार्मेलोसकट सहाही बांधीव प्रबंधांवर 'परत' असा तांबडा शिक्का मारला. माझी दुसरी सही नाही म्हणजे वाचनालय नाही, आणि वाचनालय नाही म्हणजे पदवी नाही. मग यादी लिहिली. पहिलं नाव दुमलाओ, पेर्पेतुआ. दोष: न समजणारी चिन्हं साच्यात परस्पर बदलली, विद्यार्थिनीला प्रत वाचू दिली नाही, चूक कळल्यावर दहा दिवस लपवली. त्याखाली लिहिलं की चिन्हाबद्दल डॉ. एस्कालोना यांना विचारलं असता 'कुठलंही चालतं' असं उत्तर मिळालं. त्याखाली सहा जणांची नावं, दोष: अधिकृत साचा. आणि शेवटी, काबाकांग, लिओनिसा: दोष नाही.

फेने वाचलं आणि विचारलं, "मॅम पेर्पे, नक्की?"

"खिळे दे."

तासाभरात व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्ध्यांनी फोनवर फोटो काढले. ज्यांना मी कधीकाळी दोन मिलिमीटरसाठी परत पाठवलं होतं ते पोटभर हसत होते, एकाने तर टाळ्या वाजवल्या. मी दार उघडं ठेवून बसले. लाज वाटली. खूप वाटली.

एस्कालोना अकराला आले, कानापर्यंत लाल. "माझं नाव कशाला घातलंत?"

"बोललात म्हणून."

"हे हात दाखवून अवलक्षण आहे! सहा पोरांची पदवी अडवलीत!"

"त्यातल्या पाचांचं काही बिघडत नाही, मूळ चिन्ह ठेवून पुन्हा छापलं की झालं. मी गणितात कच्ची आहे, पण फेकडून पाचही फाईली लिओनिसाला दाखवून घेतल्या. सहावी तुम्ही स्वतःच बघितलीत."

"आणि डीननी विचारलं तर?"

"विचारतील की. मी सगळं लिहून दिलंय. लिओनिसाची परीक्षा मे महिन्यातच पुन्हा घ्यायची, तिच्या मूळ प्रतीवर, असंही लिहिलंय. नाहीतर सहाही शिक्के तसेच राहतील."

"ही धमकी आहे?"

"हा नियम आहे. तुम्ही वाचला नसेल."

१७ मे, मंगळवार

एकतीस वर्षांत पहिल्यांदा परीक्षेला जाऊन बसले, अगदी मागे. काडीचंही समजलं नाही. ही माणसं दोन तास छताकडे बघून बोलतात आणि त्याला काम म्हणतात. एस्कालोना समोरच्या रांगेत दात दुखल्यासारखे बसले होते.

वाळक्या गृहस्थांनी पुन्हा तेच पान उघडलं. "आणि एखाद्या पायरीला काहीच नवीन मिळालं नाही तर?"

मी खुर्चीची कड धरून बसले होते.

"मिळतंच, सर," लिओनिसा म्हणाली, आणि फळ्याकडे वळून का मिळतं ते लिहायला लागली. फळा संपला तेव्हा गृहस्थ उठून जवळ गेले, चष्मा काढून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "मागच्या वेळी हे का नाही लिहिलंत?"

ती माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. बघितलं नाही. म्हणाली, "मागच्या वेळी घाबरले होते, सर."

पास.

कार्मेलोने आपलं प्रमेय दोन दिवसांत दुरुस्त केलं, तेल न लावता. डीनसाहेबांचं पत्रही आलं. जूनपासून साचा फे सांभाळेल, मी ओळखपत्रांच्या खिडकीवर. फोटोत कान दिसतात की नाही ते बघायचं. फेने रडायला सुरुवात केली, तर म्हटलं आधी साच्यातला समास तपास, रडायला पाचनंतर वेळ आहे.

२७ मे, शुक्रवार

लिओनिसाचा बांधीव प्रबंध आज आला. माझ्या हातची ही शेवटची सही. ती समोरच उभी होती, दुपारची बोट होती तिची.

एक गोष्ट मी कुणाला कधी सांगितलेली नाही. प्रबंध हातात आला की मी आधी समास बघत नाही. आधी आभाराचं पान उघडते. चार हजारांवर आभार वाचले असतील. देव, आईबाप, मार्गदर्शक, नवरा, प्रेयसी, एकाने तर मांजराचेही मानले होते. फुटपट्टीचे कुणी मानत नाही, पण मी दर वेळी शेवटच्या ओळीपर्यंत जाते.

आजही आधी तेच उघडलं. आई, भाऊ, तिच्या कॉलेजातले तिघे, मार्गदर्शक, ते वाळके गृहस्थ. फेचं नाव होतं. माझं नव्हतं. पुन्हा एकदा वरून खाली वाचलं. नव्हतं.

बरोबरच आहे. तिच्या जागी मी असते तर मीही घातलं नसतं. तरी वाईट वाटलं, ते इथे लिहून ठेवते.

"मॅम, काही चुकलंय का?" तिने विचारलं. चेहरा घाबरलेला.

"थांब, बघू दे," मी म्हटलं, आणि तिला बसायला खुर्ची दिली. मग पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, समास नव्हे, मजकूर. कळलं काही नाही. एक्केचाळिसाव्या पानावर प्रत्येक चिन्ह बोटाने मोजलं, सत्तावीस होती, एकालाही रेघ नव्हती. सही केली आणि तिला बोटीवर पाठवलं.